काठावर ठरतं ते

२०२४ चा मे सरताना आणि जून लागताना, पंधरवड्याच्या अंतराने, खान्देशात दोन बातम्या येऊन आदळल्या. दोन्ही बुडाल्याच्या होत्या आणि दोन्ही दूरच्या नद्यांच्या.

पहिली धुळ्याला लागलेली. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत दोन तरुण बुडाले. शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी गेली. या दलाच्या राज्यात दोनच तुकड्या उभ्या राहिल्या, एक नागपूरला आणि एक धुळ्याला. त्यामुळे उत्तर महाराष्ट्रात कुठेही कुणी बुडालं की निरोप धुळ्याला येतो. २३ मे रोजी सकाळी त्यांची होडी भोवऱ्यात सापडून उलटली. दलाचे तीन जवान आणि मदतीला होडीत बसलेला एक स्थानिक माणूस, असे चौघे गेले. ज्यांचं कामच पाण्यातून माणसं काढण्याचं, त्यांना पाण्याने ओढून नेलं.

दुसरी बातमी रशियातून आली. वेलिकी नोवगोरोद इथे शिकणारी काही मुलं संध्याकाळी वोल्खोव नदीच्या काठी फिरायला गेली. चार भारतीय विद्यार्थी बुडाले. त्यांत जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. त्यांतल्या एकाचा घरी व्हिडिओ कॉल चालू होता आणि इकडून घरचे ‘बाहेर ये’ म्हणून विनवत होते. भारतीय दूतावासाने दिलेल्या माहितीनुसार एक मुलगी खोल पाण्याकडे गेली आणि तिला धरायला बाकीचे गेले. पाचव्याचा जीव तिथल्या लोकांनी वाचवला.

एकीकडे प्रशिक्षण घेतलेले जवान, दुसरीकडे विशीच्या आतबाहेरची मुलं. पण दोन्ही ठिकाणी बुडणाऱ्यामागून जे गेले, त्यांतलेही काही परतले नाहीत. कुटुंबाने नदीवर जावं की नाही, असा प्रश्न मला पडत नाही; जावंच. नदीकाठच्या मुलाला नदीची भीती घालून वाढवणं हा मला अन्यायच वाटतो. पण नदीवरचा दिवस सुखरूप पार पडेल की नाही, ते पाण्यात उतरण्याआधी, काठावर कोरडे असताना ठरलेलं असतं. कुठे उतरायचं, किती जण बसायचं, कोण राखण करणार, कुणी गेलं तर मागून कोण जाणार आणि कोण जाणार नाही, हे सगळं.

दिवाळी झाली की जळगावकडे भरीत पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. आसोदा-भादलीची हिरवी वांगी, काट्यांवर भाजलेली, बडगीत कुटलेली, सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. शेतात जागा नसेल तर मंडळी नदीकाठ गाठतात. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, जळगावजवळ रामेश्वरला तापी-गिरणेचा, शिंदखेडा तालुक्यात मुडावदला कपिलेश्वराच्या पायाशी तापी-पांझरेचा. पुरुष विस्तव पेटवतात, बाया पुऱ्या लाटतात, आणि पोरं? पोरं पाण्याकडे. त्यांच्याकडे नेमकं कोण बघतंय, हे विचारलं तर उत्तर ‘सगळेच’ असं मिळतं. म्हणजे कुणीच नाही.

खान्देशच्या नद्यांची अडचण अशी की वर्षातले बरेच महिने त्या माणसाला घाबरवतच नाहीत. गिरणा, पांझरा, बोरी, तितूर या पावसाळा संपला की आटत जातात. पात्रात बैलगाडी उतरते, क्रिकेट खेळलं जातं. ज्या पात्रात आपण काल चाललो, तिथे आज पाणी दिसलं तर ते गुडघाभरच असणार असं मन धरून चालतं. आणि तिथेच फसगत होते, दोन कारणांनी.

एक कारण वाळू. गिरणेच्या पात्रातून वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली, लिलावातली आणि लिलावाबाहेरचीही. यंत्राने उकरलेला खड्डा पुरुषभर खोल असतो, कधी त्याहून जास्त. पाणी आलं की तो झाकला जातो आणि वरून सगळं पात्र सारखंच दिसतं. घोट्याएवढ्या पाण्यात चालणारं पोरगं पुढच्याच पावलाला नाहीसं होतं. खड्ड्याची कड सैल वाळूची, त्यामुळे वर यायला पाय टेकावा तर तीही ढासळते. ‘पोरगं काठावरच खेळत होतं’ हे वाक्य अशा प्रत्येक घरात ऐकू येतं आणि ते खरंच असतं. नदीत उतरायचंच असेल तर मोठ्या माणसाने काठी टेकत आधी जागा चाचपावी, दोन काठ्या रोवून हद्द आखून द्यावी आणि पोरांना त्याच्या आतच सोडावं. दरवर्षी. गेल्या वर्षीची जागा यंदा तीच राहत नाही.

दुसरं कारण आवर्तन. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात आहे. तिथून पिण्यासाठी नाहीतर रब्बीसाठी पाणी सुटतं तेव्हा ते नदीच्या पात्रातूनच जामदा बंधाऱ्याकडे, पुढे दहिगाव बंधाऱ्याकडे येतं. हिवाळ्यात, निरभ्र आभाळाखाली, कोरड्या नदीत पाणी वाहत येतं. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे खातं जाहीर करतं, वर्तमानपत्रांत छापून येतात, शेतकऱ्याला त्या तोंडपाठ असतात. शहरातून सहलीला निघालेल्या कुटुंबाला मात्र नसतात. गावातल्या एका शेतकऱ्याला फोन करून ‘नदीला पाणी सोडलंय का?’ एवढं विचारलं तरी काम भागतं.

तापीचं गणित वेगळं. मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर धावणारी ही नदी आपल्या भागात आता सलग वाहत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी अडवलेली आहे. भुसावळच्या वरच्या अंगाला हतनूर, मग धुळे-नंदुरबारकडे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज. या प्रत्येकामागे पसरलेलं शांत, रुंद पाणी साचलेलं असतं आणि होडीत बसायचा मोह तिथेच होतो. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात विदर्भात आणि मध्य प्रदेशात पाऊस झाला की ते उचलले जातात आणि ‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’ ही ओळ छापून येते. ओळ इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कुणी पाहत नाही. त्या बातमीतला क्युसेकचा आकडा एकदा मनाशी मांडून बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पन्नास हजार क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला १४ लाख लिटर पाणी. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. धार दुप्पट झाली की ढकलणारं बळ चौपट होतं. सकाळी जिथे मुलं उभी होती तिथेच दुपारी, त्याच खोलीत, मोठा माणूसही उभा राहू शकत नाही.

आणि पाऊस आपल्याकडेच पडायला हवा असंही नाही. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, अनेर, अरुणावती या नद्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही फुगतात. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांनी जो हाहाकार केला, त्याचा पाऊस कन्नड घाटाच्या बाजूला रात्रभर कोसळला होता. मनुदेवीला, पाटणादेवीला ओढ्यात उतरलेल्यांनी काही खुणा डोक्यात ठेवाव्यात. नितळ पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणं. यांतलं काहीही जाणवलं की चप्पल-डबे गोळा करत बसायचं नाही. पोरं उचलायची आणि उंचावर चढायचं. पलीकडच्या काठाला नाही, आपण आलो त्याच काठाला.

आता बंधारे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर जुन्या फड पद्धतीचे दगडी बंधारे शेकडो वर्षांपासून आहेत. पाणी वाटून घेण्याची ही व्यवस्था अभ्यासायला लांबून लोक येतात, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. त्यांच्या जोडीला अलीकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे गावोगावी झाले. बंधाऱ्यावरून पाण्याचा पातळ पडदा पडत असतो, खाली पांढराशुभ्र फेस असतो, उंची जेमतेम पुरुषभर. फोटोसाठी याहून चांगली जागा नाही आणि नदीवर याहून वाईट जागाही नाही. वरून पडणारं पाणी तळाला जातं, तिथून उसळून वर येतं आणि वर आलेलं पाणी पुढे जाण्याऐवजी पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं. त्यात सापडलेली वस्तू, ओंडका असो की माणूस, घाण्याच्या बैलासारखी त्याच जागी फिरत राहते. फेसात हवा मिसळलेली असल्याने ते पाणी माणसाला नीट तरंगूही देत नाही. पोहण्याचं कसब तिथे कामाला येत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला होडी नेऊ नये, खालच्या अंगाला फेसापर्यंत जाऊ नये, आणि बंधाऱ्याच्या माथ्यावरून, शेवाळावरून, पाणी वाहत असताना चालू नये. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही, मनाई म्हणून लिहितो.

एक गोष्ट शहरी मंडळींच्या ध्यानात येत नाही. नदीकाठी शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या विजेच्या मोटारी असतात. जाड काळी वायर पाण्यात उतरलेली असते, जोड कधी नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेले असतात, आणि तिथून पाण्यात वीज उतरू शकते. मोटार दिसली की तिच्या आसपास पोहायला उतरू नये.

होडीकडे वळू. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा खान्देशातच मोडतो. तिथे धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या सरदार सरोवराच्या फुगवट्यात, भुषा गावाजवळ २०१९ च्या मकर संक्रांतीला होडी उलटली. सणाचं स्नान, पूजा, घरची माणसं, कडेवरची लेकरं. साठेक जण बसले होते. मेलेल्यांत मुलं होती. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात वरूडजवळच्या झुंज इथे वर्धा नदीत एकाच गोतावळ्यातले ११ जण गेले. दशक्रियेसाठी जमले होते आणि त्यानंतर होडीने निघाले. २१ मे २०२४ ला, म्हणजे प्रवरेच्या त्या घटनेच्या दोनच दिवस आधी, उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला जाणारी होडी संध्याकाळच्या वादळात उलटून सहा जण बुडाले. एक पोलीस अधिकारी तेवढा पोहून काठाला लागला. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. १२ विद्यार्थी, २ शिक्षिका.

या घटना मी मुद्दाम एकापाठोपाठ एक मांडल्या, कारण त्यांत ‘साहसी’ म्हणावं असं कुणीच नाही. सण होता, दुखवटा होता, रोजची ये-जा होती, शाळेची सहल होती. होडी बुडते ती बहुतेक वेळा शांत पाण्यातच, जास्त माणसं बसल्याने, सगळी एका बाजूला झुकल्याने नाहीतर वाऱ्याने. आणि तिन्ही गोष्टी निघण्याआधी दिसत असतात.

माणसं बसल्यावर होडीची कड पाण्यापासून किती वर राहिली, ते आधी बघावं. वीतभरही उरत नसेल तर उतरावं, भले कुणी हसो. ‘दोन फेऱ्या कशाला, बसा सगळेच’ असं नावाडी म्हणाला तर तो आपला वेळ वाचवत असतो, आपला जीव नाही. होडीत उभं राहू नये. सेल्फीसाठी सगळे एका कडेला सरकले की भार एका अंगाला जातो आणि पाणी आत यायला लागतं. ३० एप्रिल २०१७ ला उजनीतच फिरायला गेलेल्या अकलूजच्या डॉक्टरांपैकी चौघे बुडाले. शिकलेली, जाणती माणसं होती ती. पाणी शिक्षण विचारत नाही. एप्रिल-मे महिन्यांत खान्देशात दुपारनंतर आभाळ भरून येतं, धुळीचं वादळ उठतं. त्या दिवसांत होडीची फेरी सकाळीच उरकावी, आणि ४४-४५ अंशांच्या दुपारी पाण्यावर नसलेलं उन्हाच्या दृष्टीनेही बरं.

मग जाकीट. होडीत जाकिटं ‘आहेत’ म्हणजे बहुधा बाकाखाली कोंबलेली, बक्कल तुटलेली, मोठ्यांच्या मापाची. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. वाचलेल्यांनी सांगितलं की अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हतं. धडक बसल्यावर जाकीट शोधता येत नाही, बांधता तर मुळीच येत नाही. ते काठावरच अंगात चढवायचं असतं. लहान मुलाला मोठ्याचं जाकीट घालणं म्हणजे न घालण्यातच जमा. पाण्यात पडल्याबरोबर जाकीट वर आणि मूल खाली सरकतं. तपासायला सोपी रीत आहे. पट्टे आवळल्यावर जाकिटाच्या दोन्ही खांद्यांना धरून मूल वर उचलावं. जाकीट हनुवटीपर्यंत वर येत असेल तर माप चुकलं. लहानग्यांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. जाकिटावर किती किलोच्या माणसासाठी ते आहे हे छापलेलं असतं, ते वाचावं. वर्षातून दोनदाही पाण्यावर जाणाऱ्या कुटुंबाने मुलांच्या मापाची स्वतःची जाकिटं घेऊन ठेवावीत. एका सणाच्या कपड्यांत बसणारा हा खर्च आहे. ट्रॅक्टरची ट्यूब, पाठीला बांधलेला सुका भोपळा, पत्र्याचा डबा, पांगाऱ्याचं बिंडं हे सगळं आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकण्यासाठी होतं, कमरेला दोर बांधून, वर काका उभे असताना. वाहत्या नदीत ट्यूब हातातून निसटली की ती पुढे आणि माणूस मागे.

राखणीचं काम एकावर सोपवावं. नाव घेऊन: ‘अर्धा तास नाना बघतील, मग भाऊ.’ त्या अर्ध्या तासात नानांनी मोबाइल बघायचा नाही, पत्ते खेळायचे नाहीत, आणि पेला तर तोंडाला लावायचाच नाही. नदीवरच्या पार्टीत दारू असणार असेल तर पाण्यात कुणी उतरणार नाही, हा करार घरातल्या बायांनी आधीच करून टाकावा. त्या तो पाळायलाही लावतात. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार? जेमतेम मिनिटभरात ते दिसेनासं होतं, दहा पावलांवर गप्पा चालू असताना.

आणि कुणी बुडायला लागलंच तर? प्रवरेकाठी आणि वोल्खोवकाठी जे घडलं ते इथे आठवायचं. आईबापाची पहिली ऊर्मी उडी मारण्याची असते आणि तिला दोष कसा देणार! पण घाबरलेला माणूस जे हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. एका घरातली दोन-तीन माणसं एकाच ठिकाणी गेल्याच्या बातम्या अशाच तयार होतात. काठावर आडवं झोपून हात किंवा काठी पुढे करता येते. दोर फेकता येतो. रिकामा, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा कॅन फेकता येतो. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणाशी तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोन तरुणांना ओढून काढलं. खान्देशातल्या कुठल्याही सहलीत नऊवारी-पाचवारी, ओढण्या, गमछे यांचा तुटवडा नसतो. त्याहून बरं म्हणजे गाडीच्या डिकीत वीस-पंचवीस मीटरचा दोर ठेवावा.

आपण स्वतः धारेत सापडलो तर उभं राहायची धडपड करू नये, दगडांच्या फटीत पाय अडकतो आणि पाणी वरून दाबतं. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे ठेवायचे आणि तिरकं-तिरकं काठाकडे सरकायचं. धारेविरुद्ध पोहून जिंकता येत नाही.

बाहेर काढलेल्या माणसाला आपल्याकडे पालथं घालून पोट दाबतात, पाय धरून उलटं करतात, गरगर फिरवतात. त्यात जातो तो सोन्यासारखा वेळ. पोटातलं पाणी त्याला मारत नसतं. प्राणवायू न मिळाल्याने तो जात असतो. श्वास चालत नसेल तर उताणं निजवून, डोकं किंचित मागे करून, तोंडाने आधी श्वास द्यायचे आणि मग छातीच्या मधोमध जोराने दाबायचं. तीस दाबांना दोन श्वास, मदत येईपर्यंत न थांबता. मोबाइलवर फिरणारा मिठाचा निरोप तर डोक्यातून काढूनच टाकावा. २०२२ मध्ये कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात बुडालेल्या मुलाला जिवंत होईल म्हणून तासन्‌तास मिठात पुरून ठेवलं होतं. मीठ कुणाला परत आणत नाही. आणि शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायलाच हवं, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देऊ शकतं.

सरकारी बाजू थोडक्यात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये होड्यांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२१ मध्ये १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा आला; इंजिनाच्या होडीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो, आणि वल्ह्याच्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी अशी तरतूद त्यात आहे. त्याच वर्षी राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. कागद पुरेसे आहेत. घाटावर उभं राहून ‘तुमची नोंदणी दाखवा’ असं नावाड्याला विचारणारं गिऱ्हाईक मात्र नाही. इथे मला नावाड्यांवर सगळं ढकलायचं नाही. तापीकाठचे भोई आणि कोळी यांच्याइतकं नदीचं ज्ञान कुठल्याच दप्तरात नाही. कुणी बुडालं की पोलीसही आधी त्यांनाच हाक मारतात. त्यांना जाकिटं घ्यायला पैसा आणि फेरीमागे रास्त दर कुणी देत नाही, म्हणून ते जास्त माणसं भरतात. दहा रुपये जास्त द्यायला आपणही घासाघीस करतो.

देशात २०२२ या एका वर्षात बुडून ३८ हजारांहून अधिक माणसं गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. खान्देशातला वाटा कमी करायचा तर सुरुवात सणांपासून करावी लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. नद्या तेव्हा भरलेल्या असतात, घाट निसरडे असतात आणि गर्दी बायका-मुलांची असते. मग गणपती, मग देवी. पुढच्या कानबाईआधी होणाऱ्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागून घ्या: घाटावर कायमचा दोर आणि तरंगणाऱ्या ट्यूबा, विसर्जनाच्या दिवशी मानधन देऊन नेमलेले दोन पट्टीचे पोहणारे, आणि गावातल्या होड्यांसाठी मुलांच्या मापाचीही जाकिटं. आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ व रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन क्रमांक घाटाच्या भिंतीवर, पुराचं पाणी चढतं त्या खुणेच्या वर, ठळक रंगवून घ्या.